जित्या माणसाचा चेहरा

माझ्या मित्राचे फोटो काही कमी नव्हते. पत्र्याच्या पेटीत, साड्यांच्या घड्यांखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले. त्याच्या बायकोने ते सगळे माझ्या दुकानात आणले, रंगांचे डबे बाजूला सारून फळीवर पसरले आणि म्हणाली, "पाहा भाऊजी. यातला एकही ठाण्यात देता येत नाही जी."

एकात तो राणी होता, एकात विधवा, एकात पाळण्याची दोरी ओढणारी आई. कपाळावर कुंकू, नाकात नथ, डोक्यावर पदर. पुरुष म्हणून त्याचा एकही फोटो नव्हता. लग्नात फोटो काढायची पद्धत त्या वेळी आमच्या गावात पोचली नव्हती आणि रेशनकार्डावर फोटो लागत नसे. मंडईच्या जत्रेतल्या नाटकासाठी म्हणून माणूस सानगडीला गेला तो घरी आलाच नव्हता, आणि ठाण्यातला जमादार म्हणत होता, फोटो आणा, मग पाहू.

"तुम्हीच काढून द्या," ती म्हणाली. "लहानपणापासून पाहून राहिले तुम्ही त्यायले."

मी हो म्हणालो. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार होतो?

मी अड्याळचा पेंटर. त्या काळी आमच्याकडे पेंटर म्हणजे सगळंच आलं. दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती आणि मुख्य म्हणजे नाटकाचे पडदे. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, लेकी माहेरी येतात, आणि मंडईला नाटक नसलं तर पाहुणे वर्षभर टोमणे मारतात. मांजरपाटाला खडूचा लेप देऊन त्यावर सरसात कालवलेल्या रंगांनी मी रस्ता, महाल आणि जंगल रंगवायचो. तेवढ्यात साऱ्या जगाची सोय व्हायची. पावसाळ्यात मात्र नाटकं नसत, तेव्हा मी मेलेल्या माणसांवर जगायचो. कोणाचा बाप गेला की घरचे एखादा मळका, बोटाएवढा फोटो घेऊन येत आणि म्हणत, ऑइल पेंटमध्ये मोठा करून द्या. जाताजाता दारातून सांगत, जरा गोरा करा, गाल भरा, कोट घाला. जन्मभर उघड्या अंगानं धानाच्या चिखलात राबलेल्या किती म्हाताऱ्यांना मी कोट चढवले असतील, देव जाणे.

जित्या माणसाचा चेहरा रंगवून घ्यायला मात्र कोणी येत नसे. तुमसरचा एक धान्याचा व्यापारी एकदा हौसेनं माझ्यासमोर खुर्चीत बसला होता. त्याची आई आतून आली, अर्धवट झालेलं चित्र उचललं आणि मागच्या अंगणात नेऊन चुलीत घातलं. मला म्हणाली, माझा पोरगा जिता आहे, तुले समजते का नाही? माझा फुकट गेलेला रंग कोणाला समजला नाही. तेव्हा मी चिडलो होतो. आता वाटतं, ती बाई माझ्यापेक्षा शहाणी होती.

तर माझा मित्र. तो बाईचे पार्ट करायचा, आणि ते असे करायचा की पुढच्या ओळीतल्या बाया डोळ्याला पदर लावायच्या आणि मागच्या ओळीतले पुरुष विडी विझवायचे. त्याचं वावर तलावाखाली होतं. धानाच्या रोवणीला तो मुद्दाम बायांच्या रांगेत उतरायचा. बाया कशा वाकतात, पदर दातात कसा धरतात, कंबर दुखली की हात कुठे ठेवतात, एकमेकींना न बोलता काय सांगतात, हे तो चिखलात उभा राहून शिकला. बाया त्याची थट्टा करायच्या, "आमच्यात काहून आलास गा, तुह्या बांधीत जा." तो तिथल्या तिथे त्यांच्यातल्याच एकीसारखं उत्तर द्यायचा आणि रांगच्या रांग हसून खाली बसायची. वरचा ओठ वर्षभर साफ, म्हणून बाहेरगावचे लोक त्याला हमखास विचारायचे, घरी कोण गेलं? तो म्हणायचा, "राणीसाहेब गेल्या, सकाळी."

सत्तरच्या दशकात आम्ही दोघे मिळून गाव गाजवायचो, असं म्हटलं तरी चालेल. माझा पडदा मागे, तो पुढे. मी म्हणायचो, पुढे उभा राहून तू माझा महाल झाकतोस. तो म्हणायचा, "तुह्या जंगलातले झाडं फुलकोबीसारखे दिसते, झाकलेलेच बरे." त्याच सानगडीला एकदा भर रडण्याच्या प्रवेशात त्याची दाबाची नथ सुटून खाली पडली. लोक हसले. त्यानं प्रवेश पुरा केला, पण सकाळी गावी न येता थेट सोनाराकडे गेला आणि नाक टोचून घेतलं. डावी नाकपुडी. पिकली, सुजली, घरी बापानं मारायचं तेवढं बाकी ठेवलं. "आता पडून दाखव म्हणा तिले," एवढंच तो म्हणाला. असा माणूस होता. एवढ्या हट्टी माणसाला पाहून मला आधी राग यायचा आणि मग हेवा वाटायचा.

ऐंशीनंतर नागपूरहून नट्या यायला लागल्या. खऱ्या बाया. त्यात त्या बिचाऱ्यांचा काय दोष, त्या पोटासाठी येत होत्या. पण आमच्या नाटक मंडळाला अचानक लाज वाटू लागली. पुरुष बाई होतो म्हणजे मागासलेपणा, असं अध्यक्षानं भाषण केलं. इतकी वर्षं हाच अध्यक्ष त्याचं लुगडं धरून विंगेत उभा राहायचा. मित्राला आधी आत्याबाईचा पार्ट मिळाला, मग मोलकरणीचा, मग काहीच नाही. शेवटी त्याला पडदा ओढायला लावलं. माझा पडदा. ज्याच्यासमोर त्यानं राज्य केलं त्याचीच दोरी हातात दिली. मी अध्यक्षाला सांगायला गेलो तर तो म्हणाला, पेंटर, तुम्ही ब्रश सांभाळा.

त्या शेवटच्या मंडईत सानगडीला नटी एका जागी अडखळली. शब्द आठवेना. आणि विंगेतून, दोरी धरून उभ्या असलेल्या माझ्या मित्रानं तिचं वाक्य म्हटलं. हळू सांगायचं सोडून तो ते त्याच्या त्या आवाजात म्हणाला, पुऱ्या भावनेनं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्याला राहवलं नसणार. मागून कोणी ओरडलं, बुढ्ढी बोलून राहिली रे, आणि सगळा मांडव हसला. ज्या लोकांसाठी त्यानं नाक टोचलं तेच लोक. अध्यक्षानं त्याला सगळ्यांदेखत काय काय ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही.

सकाळी मी पडद्याच्या गुंडाळ्या करत होतो. तो जवळ येऊन उभा राहिला. तोंड धुतलं नव्हतं. म्हणाला, "मी आहो का नाही, तेच मले समजून नाही राहिलं गा."

मी पडद्याला दोरी बांधत होतो. रात्रभर जागलेला, डोकं ठणकत होतं. म्हणालो, "आधी चहा पिऊन ये. मग समजते."

तो एसटीच्या रस्त्याला लागला. मी त्याला पाठमोरा पाहिलं आणि पुन्हा गाठ आवळायला लागलो. त्यानंतर त्याला गावातल्या कोणी पाहिलं नाही.

आता चित्र काढायचं होतं. हार्डबोर्ड घेतला, कारण बरोबर नेताना फाटणार नाही, धूळ बसली तरी पुसता येईल. जवसाच्या तेलात रंग घोटले. कोळशानं रेघ मारली आणि समोर राणी आली. पुसली. पुन्हा मारली, तर विधवा आली. मी त्याला इतक्या वेळा बाई म्हणून पाहिलं होतं, मंडळाच्या पाट्यांवर इतक्या वेळा तसाच रंगवला होता, की हाताला दुसरा रस्ताच माहीत नव्हता. मी कोळसा भिंतीवर फेकला. त्याची बायको उंबऱ्यावर बसून होती, तिनं तो उचलून माझ्यासमोर ठेवला.

शेवटी मी आहे तीच बाई रंगवली आणि मग तिच्यातून तिला काढत गेलो. कुंकू घालवलं, काजळ घालवलं, भुवया जाड केल्या, नथ काढून तिथे अंगाचा रंग भरला, पदराच्या जागी सदऱ्याची कॉलर केली. वहिनी सांगत होती, हनुवटीखाली वस्तऱ्याची खूण आहे, ती घातली. गाल भरू नको, मी हाताला बजावत होतो, गोरा करू नको, हा मेलेला नाही. आणि तो आला. एकदम आला, थकलेला, काहीतरी चावट बोलायच्या बेतात असलेला.

वहिनी खूप वेळ पाहत राहिली. "हेच जी," ती म्हणाली, आणि रडली. मग डोळे पुसून पुन्हा पाहिलं. "पण कायतरी राह्यलं."

"काय राह्यलं?"

"ते नाही सांगता येत."

"तुमचा नवरा राह्यला आहे, वहिनी," मी चिडून म्हणालो. "तो आला की तोच सांगेल."

खाली 'हरवला आहे' असं लिहिणार होतो. तिनं हात धरला. हरवायला तो काय लहान पोर आहे, लोक म्हणतील येडा झाला, पळून गेला. परत आला की त्याला या लोकांतच राहायचं आहे. ओळखणारा ओळखेल आणि सांगेल, लिहायची गरज नाही. मला ते पटलं. त्याची अब्रू आधीच पुरेशी गेली होती.

मग आम्ही ते चित्र घेऊन फिरलो. ठाण्यात जमादार ते पाहून आधी उठून उभा राहिला आणि मग म्हणाला, हे मी फायलीला कसं लावू? पवनीला घाटावर गेलो, साकोलीच्या बाजारात गेलो, भंडाऱ्याच्या स्टँडवर गेलो. चादर बाजूला करून चित्र पुढे धरलं की माणसं चप्पल काढायची. हात जोडायची. "कधी गेले?" विचारायची. आम्ही सांगायचो, गेले नाहीत, कुठे दिसले का? तेव्हा ती ओशाळून चित्राकडे न पाहताच नाही म्हणायची. एकदा अपशकुन झाला म्हटल्यावर चेहरा कोण नीट पाहतो? तेलाच्या रंगातला माणूस म्हणजे गेलेला माणूस, हे मीच इतकी वर्षं घराघरांत टांगलं होतं. सानगडीला एका म्हातारीनं चित्र पाहिलं, शेजारी उभ्या वहिनीचं कपाळ पाहिलं आणि मायेनं विचारलं, "कुंकू नाही पुसलं का व माय अजून?"

मी त्या म्हातारीवर ओरडलो. परत येताना एसटीत वहिनीनं चित्राचं तोंड आपल्या बाजूला करून घेतलं, लोकांना पाठ दिसेल असं.

मी तिला म्हणालो, पेन्सिलीनं काढून देतो, लहान कागदावर. ती म्हणाली, आता नको. मग ठरलं की चित्र तुमसर रोड स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर ठेवायचं. तिथे गाड्या बदलायला जिल्ह्याचा माणूस थांबतोच, आणि नाटकाला जाताना आमचा चहा तिथेच व्हायचा. टपरीवाला मित्राला ओळखत होता, पण नाटकाच्या मंडळीतला एक म्हणून, चेहरा त्याला नेमका आठवेना. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्यानं देवाच्या फोटोशेजारी खिळा ठोकला, चित्र टांगलं, म्हणाला, दिसला की धरून ठेवतो. वहिनीनं निघताना पदरानं चित्रावरची धूळ पुसली. धूळ बसलेलीच नव्हती.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते मला सांगता येत नाही. पाट्या रंगवल्या. रोज दुकानासमोरून वहिनी पाण्याला जायची आणि काही न विचारता माझ्याकडे पाहायची. मी मान हलवायचो. ते मान हलवणं मला असह्य झालं होतं, शेवटी शेवटी मी तिची वेळ झाली की मागच्या दारानं बाहेर पडायचो आणि तलावाच्या पाळीवर जाऊन बसायचो. तिथे त्याचं वावर दिसायचं. उन्हाळी धानाची रोवणी झाली नव्हती.

उन्हाळ्यात तुमसरच्या एका गिरणीची पाटी रंगवायचं काम निघालं, म्हणून मी तुमसर रोडला उतरलो आणि टपरीवर गेलो. चित्र जागेवर होतं. त्याला झेंडूचा हार घातलेला होता आणि खाली उदबत्ती जळत होती.

टपरीवर ओळखीचा माणूस नव्हता. त्याचा मोठा भाऊ बसला होता. धाकटा आजारी पडून गावी गेला, तेव्हापासून मीच बसतो, असं तो म्हणाला.

"हा हार कोणी घातला?"

"मीच जी," तो म्हणाला. त्याला त्यात चांगलंच वाटत होतं. "बिनहाराचा फोटो बरा दिसत नाही. रोज देवाले घालतो, तसा यायलेही घालतो. कोनी का असेना, बिचारे गेले." मग चहा गाळता गाळता म्हणाला, "परवा एक जण पाहून राहिला होता बराच वेळ. मले विचारे, हे कोन होते? मी म्हटलं, नाटकात बाईचे पार्ट करत होते म्हणे, गेले बिचारे. बायको रडत रडत आली होती, ठेवून गेली."

"कसा होता दिसायला?"

"वाळलेला. दाढी वाढलेली. खांद्यावर चादर होती."

"मग?"

"मंग काही नाही. त्यानं हात जोडले. मंग जवळ जाऊन पाह्यलं अन् हासला. म्हणे, पेंटर हुशार आहे, पण नाकाचं भोक राह्यलं."

मी चित्राकडे पाहिलं. डावी नाकपुडी, गुळगुळीत, स्वच्छ. नथ पुसताना मी भोकही बुजवून टाकलं होतं. वहिनी म्हणाली होती, कायतरी राह्यलं.

मी उठलो आणि हार ओढून तोडला. झेंडू खाली पसरले. भाऊ घाबरून उभा राहिला. मी म्हणालो, "जिता आहे हा माणूस. तोच येऊन गेला तुझ्याकडे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं. रागावला नाही. त्याला खरंच कळत नव्हतं.

"जिता आहे," तो म्हणाला, "तर पेंटिंग काहून काढलं जी?"

मी त्याला कोणत्या बाजूला गेला ते विचारलं. रुळाच्या पलीकडे, एवढंच त्याला माहीत होतं. मी रुळाच्या पलीकडे गेलो. मालधक्क्यावर हमालांत शोधलं, फलाटावर झोपलेल्यांच्या तोंडावरची चादर काढून पाहिलं, शिव्या खाल्ल्या. तुमसरला जाऊन गिरण्यांच्या आवारात, वाळत घातलेल्या धानाच्या कडेकडेनं फिरलो. दाढीवाला, वाळलेला, चादर घेतलेला, असा माणूस प्रत्येक ठिकाणी होता आणि तो नव्हता. गिरणीची पाटी रंगवली नाही. चित्र बगलेत घेऊन अड्याळला आलो.

वहिनी दारात सुपानं तांदूळ पाखडत होती. माझे मागच्या दारानं पळण्याचे दिवस संपले होते. मी चित्र भिंतीला टेकवलं, तोंड तिच्याकडे करून, आणि म्हणालो, तो जिता आहे. सगळं सांगितलं. नाकाचं भोक सांगितलं तेव्हा तिनं कपाळाला हात मारला आणि हसली. कित्येक महिन्यांनी हसली. "तेच. तेच राह्यलं होतं जी. माह्या ओठावर येऊन राहिलं होतं." सुपातले तांदूळ सांडले तरी तिचं लक्ष नव्हतं. "अजून काय म्हणाले?"

सांगू नये असं मला वाटलं. पण तिच्याशी खोटं बोलायची माझ्यात ताकद उरली नव्हती. हाराचं सांगितलं. उदबत्तीचं सांगितलं. गेले बिचारे, असं टपरीवाल्याचा भाऊ त्याला म्हणाला, ते सांगितलं. त्यानं स्वतःच्या चित्राला हात जोडले, तेही सांगितलं.

तिचं हसू एकदम गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि मागून डोळे बदलले. तिनं सूप खाली ठेवलं.

"हात जोडले?"

"हो."

तिनं त्या गुळगुळीत नाकावरून बोट फिरवलं.

"मंग आता त्यायले कोन सांगन, भाऊजी," ती म्हणाली, "का ते जिते आहेत म्हणून?"